‘फक्त तारा उलट्या लावा’: डावखुऱ्यांच्या गिटारबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

कोल्हापुरात एखादं डावरं पोरगं गिटार मागायला लागलं की घरातलं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर पुढं करतंच. त्याचं सार असं: गिटारला दोन्ही हात लागतात, त्यामुळं डावं-उजवं हा प्रश्नच नाही. अगदीच अडलं तर साधी गिटार उलटी धरा, तारा उलट क्रमानं लावा, दहा मिनिटांचं काम आहे. प्रसिद्ध डावखुरा गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं तेच केलं. डाव्या गिटारवर शिकवणारा कुणी मिळत नाही. आणि तसली गिटार घेतलीच तर तिच्या तारा वेगळ्या, विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही, मग संग्रह करणं तर शुद्ध वेडेपणा.

हा सल्ला मानून उलटवलेली गिटार सुरात लागत नाही आणि दोष मुलाच्या माथी येतो. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘दोन्ही हात लागतात, मग डावं-उजवं कशाला?’

तबल्यालाही दोन्ही हात लागतात. तरी डावखुरा वादक तबला आणि डग्गा यांच्या जागा बदलूनच बसतो आणि त्याला कुणी अडवत नाही. गिटारमध्ये फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा दाबणारा हात कोणता स्वर ते ठरवतो. छेडणारा हात तो स्वर कधी, किती जोरात आणि किती वेळ वाजायचा ते ठरवतो. लय सगळी छेडणाऱ्या हातात असते. फ्रेटवरचा हात सुरुवातीला अवघड वाटतो, कारण बोटं दुखतात. पण ते दुखणं काही आठवड्यांत जातं. लय चुकीच्या हातात गेली तर ती अडचण पुढं कितीतरी वर्षं राहते.

तरीही प्रत्येक डावखुऱ्याला डावीच गिटार हवी असं नाही. मार्क नॉफ्लर आणि गॅरी मूर हे दोघंही नामांकित गिटारवादक डावखुरे असून उजव्या पद्धतीनं वाजवत आले. लिहिण्याचा हात हा पक्का पुरावा मानू नका. मुलाच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट द्या, गाणं लावा आणि गिटार वाजवल्याचं सोंग करायला सांगा. कोणता हात आपोआप ठेका धरतो ते पाहा. वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा बघा. दर वेळी डावाच हात छेडत असेल तर प्रश्न सुटला. दोन्हीकडं सारखंच जमत असेल तर उजवी गिटार घ्यायला हरकत नाही, निवड भरपूर मिळते. आणि वर्षभर उजव्या गिटारवर सहज हात बसला असेल तर केवळ डावखुरा आहे म्हणून बदलायला लावू नका.

‘तारा उलट्या लावल्या की झालं’

सर्वांत जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. सतार उलटी धरायचा सल्ला कुणी देत नाही, कारण तिच्या चिकारीच्या आणि तरफांच्या खुंट्या एकाच अंगाला आहेत, हे कुणालाही दिसतं. गिटारचा डावा-उजवेपणा मिलिमीटरमध्ये लपलेला असतो, म्हणून ती दोन्हीकडून सारखी वाटते.

पहिली जागा नटची, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्यांजवळ असलेल्या खाचांच्या पट्टीची. अकूस्टिकचा, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या गिटारचा, तारांचा नेहमीचा बारा-त्रेपन्नचा संच घेतला तर सर्वांत पातळ तार ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिमी, आणि सर्वांत जाड ०.०५३ इंच, म्हणजे साधारण १.३५ मिमी. प्रत्येक खाच आपापल्या तारेसाठी कापलेली असते. उलट लावल्यावर जाड तार पातळ खाचेच्या वरच बसते, पहिल्या फ्रेटवर दाबायला बोट तुटतं आणि दाबली की स्वर चढतो. पातळ तार जाडीच्या खाचेत सैल पडते, इकडंतिकडं सरकते, मोकळी छेडली की फ्रेटला घासून भणभणते.

दुसरी जागा सॅडलची, म्हणजे पेटीवरच्या लाकडी ब्रिजमधली तारा टेकायची पट्टी, आणि ती जास्त त्रास देते. अकूस्टिक गिटारचं सॅडल तिरकं बसवलेलं असतं. जाड तार दाबताना जास्त चढते, म्हणून तिची लांबी थोडी वाढवलेली असते. ६४८ मिमी स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर सॅडलच्या दोन टोकांत सुमारे ३ मिमीचा फरक असतो. तारा उलटवल्या की हा तिरकेपणा नेमका उलटा पडतो: सर्वांत पातळ तार, म्हणजे पातळ ई, बाराव्या फ्रेटवर साधारण ८ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरते, जाड ई तितकीच चढते. दोघींत मिळून १६ सेंटचं अंतर पडलं. सर्वांत लहान श्रुतीचं अंतर २२ सेंटच्या आसपास मानतात, त्यावरून अंदाज करा. १८८३ पासून देवल क्लबात गाणं ऐकत आलेल्या गावाला हे बेसूरपण सांगावं लागू नये. मोकळ्या तारा ट्यूनरवर हिरव्या दिसतात, पण वर सरकलं की कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) फाटतो, आणि मूल समजतं की आपलंच बोट चुकतंय.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. मानेच्या कडेवरचे फ्रेट ओळखायचे ठिपके खाली जातात, वाजवणाऱ्याला दिसत नाहीत. कटअवे (वरच्या फ्रेटपर्यंत हात जावा म्हणून पेटीला दिलेला खळगा) वर येतो, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) नको त्या बाजूला राहतो आणि नख लागून पॉलिश ओरखडतं. आतल्या टेकूपट्ट्या बहुतेक अकूस्टिक गिटारांत दोन्ही बाजूंना एकसारख्या नसतात, त्यामुळं आवाजाचा तोल थोडा बदलतो; पण गिटार मोडत नाही, एकूण ताण तेवढाच राहतो. ही शेवटची भीती उगाच मोठी करून सांगतात.

गिटार आधीच घरात आहे आणि उलटवायचीच आहे, तर काम असं करावं.

सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करत काढा. नटच्या कडेनं पॉलिशवर धारदार पात्यानं रेघ ओढा, नाहीतर नट निघताना पॉलिशचा टवका उडतो. मग फ्रेटबोर्डच्या बाजूनं नटला लाकडाचा छोटा ठोकळा लावून हलक्या हातानं ठोका. नवा नट हाडाचा घ्या. जुन्याची जाडी आणि लांबी मोजूनच घ्या, कारण दोन्ही गिटारगणिक बदलतात. बाहेरच्या दोन तारा कडेपासून साधारण ३ मिमी आत ठेवा. आतल्या खाचा आखताना तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत समान अंतर धरू नका. दोन तारांमधली मोकळी जागा समान ठेवा, नाहीतर जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात.

खाच तारेपेक्षा किंचित रुंद हवी: ०.०५३ च्या तारेला १.४ मिमीच्या आसपास. घट्ट झाली तर सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि तार एकदम उडी मारते. खाचेचा उतार खुंट्यांकडं हवा आणि तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकायला हवी. उतार उलटा किंवा सपाट राहिला तर मोकळी तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते. सतारीत ती मुद्दाम काढतात, इथं तो दोष आहे. खोली तपासायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट आहे ते बघा. साध्या कागदाएवढी, ०.१ मिमीच्या आसपास, फट राहिली की थांबा. कानशीचा एक घासा जास्त पडला तर नट वाया. तात्पुरता उपाय म्हणून खायच्या सोड्याची चिमूट खाचेत भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकतात आणि परत कापतात. तो चालतो, पण फार काळ नाही.

नटच्या खास कानशी महाग पडतात. सोनारकामाच्या बारीक कानशी पातळ तारांच्या खाचांना चालतात, आणि कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, सोनारी काम आहे तोवर त्यांची चौकशी करायला लांब जावं लागत नाही. हाडावर काम करणारे सतारमेकर तर ५० किलोमीटरवर मिरजेत आहेत; तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांच्याकडं काम दिलं तर मापं लिहून द्या आणि वरचा उताराचा मुद्दा स्पष्ट सांगा, कारण त्यांचा हात जवारीला सरावलेला असतो.

सॅडल नुसतं उलटून घातल्यानं काही होत नाही, कारण तिरकी खोबण तिथंच राहते. ३ मिमी जाडीच्या सॅडलच्या माथ्यावर तारेचा टेकू पुढंमागं घेऊन जेमतेम १ ते १.५ मिमी मिळतात, म्हणजे निम्मा दोष शिल्लक राहतो. खरा उपाय म्हणजे जुनी खोबण ब्रिजच्याच जातीच्या लाकडाच्या पट्टीनं बुजवायची, लाकडाचा डिंक एक दिवस पूर्ण वाळू द्यायचा आणि उलट्या तिरकेपणानं नवी खोबण पाडायची. जागा ठरवताना नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा. त्यात पातळ ईसाठी साधारण २ मिमी आणि जाड ईसाठी साधारण ५ मिमी वाढवा. हे काम राउटरला (लाकडात खोबण पाडणाऱ्या यंत्राला) गाइड लावूनच करावं, हातानं पटाशी चालवून नाही. सॅडल निम्म्याहून जास्त खोबणीत बसलं पाहिजे, नाहीतर तारांच्या ताणानं पुढं कलतं आणि ब्रिजला चीर जाते. खाली पिकअप (तारांचा आवाज विजेत बदलणारा भाग) असेल तर खोबणीचा तळ अगदी सपाट हवा. ब्रिजपिनच्या (तारा ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या खुंट्यांच्या) भोकांतल्या खाचाही जाड तारेसाठी रुंदावाव्या लागतात, नाहीतर पिन वर उचलते.

या सगळ्याला दहा मिनिटं म्हणणाऱ्यानं ते कधी केलेलं नाही. मजुरी आणि सामान धरलं तर स्वस्त गिटारवर हा खर्च परवडत नाही, आणि चांगल्या गिटारवर करायला हात धजत नाही.

एक अपवाद मात्र मोकळेपणानं सांगायला हवा: नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. तिचं सॅडल बहुधा सरळ असतं, कटअवे आणि पिकगार्ड नसतात, आणि तारांच्या जाडीत तेवढा फरक नसतो. नवा नट आणि सॅडलच्या उंचीचा उतार बदलला (बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाडीकडं ४ मिमी, पातळीकडं ३ मिमी) की ती बऱ्यापैकी डावी होते. उलटवायचीच तर ही उलटवा.

‘हेंड्रिक्सनं तेच केलं’

केलं, पण कशावर? स्ट्रॅटोकास्टरवर. त्या इलेक्ट्रिक गिटारला प्रत्येक तारेचं सॅडल स्क्रूनं पुढंमागं आणि वरखाली होतं, त्यामुळं सुराचा वरचा दोष तिथं स्क्रूड्रायव्हरनं मिटतो. अकूस्टिकबद्दल या उदाहरणातून काहीच सिद्ध होत नाही. उलटवल्यामुळं ब्रिजजवळचा तिरका पिकअपही उलटा झाला: जाड तारा ब्रिजच्या जवळ आल्या आणि जास्त धारदार वाजल्या, पातळ तारा मऊ झाल्या. त्याच्या आवाजात याचा वाटा आहे. पण आवाजाची बटणं कोपराखाली येणं आणि आखूड शिंगाला पट्टा लावल्यावर मान खाली झुकणं, हेही त्याबरोबर येतं. आणि त्याच हेंड्रिक्सकडं पुढं गिब्सन कंपनीची खास डावी फ्लाइंग व्ही गिटारसुद्धा होती. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर बास गिटारही डाव्या हाताचाच होता.

अल्बर्ट किंग आणि एलिझाबेथ कॉटन या अमेरिकी गिटारवादकांनी तर तारा न बदलता गिटार उलटी धरली. कॉटन बाईंनी खर्ज बोटांनी आणि सुरावट अंगठ्यानं वाजवून स्वतंत्र पद्धतच उभी केली. अफाट माणसं होती ती. पण त्यांच्या वाटेनं जाणाऱ्याला प्रत्येक कॉर्डची बोटं स्वतः शोधावी लागतात, आणि नवशिक्याला हा मार्ग सुचवणं अन्यायाचं आहे.

‘शिकवणार कोण?’

टॅबमध्ये, म्हणजे गिटारसाठी आकड्यांत लिहिलेल्या चालीत, तार क्रमांक आणि फ्रेट क्रमांक असतो. तो डाव्याला आहे तसाच लागू पडतो. स्वरलिपीला हात नसतोच. फक्त कॉर्डचे चौकोनी तक्ते उलटतात. त्यांचा फोटो घेऊन फोनमध्ये आरशातल्यासारखा उलटवला (फ्लिप केला) की झालं. समोर बसलेला उजवा शिक्षक डाव्या विद्यार्थ्याला आरशासारखा दिसतो, हा तर फायदा आहे.

‘विकत मिळत नाही, विकलीही जात नाही’

कोल्हापुरात दुकानाच्या भिंतीवर डावी गिटार टांगलेली क्वचितच दिसते, हे खरं. मागवावी लागते. पण यामाहाची एफजी८२०एल, कॉर्टची एडी८१० एलएच, यामाहाचीच पॅसिफिका ११२जेएल अशी मधल्या किमतीची मॉडेलं आहेत. विकायला वेळ लागतो, हेही मान्य, गिऱ्हाईक कमी. पण विकणारेही कमी, म्हणून जुनी डावी गिटार धीरानं शोधणाऱ्याचा संग्रह हळूहळू चांगला होतो.

संग्रहासाठी घेताना ती जन्मानं डावी आहे की उलटवलेली, हे आधी बघा. वाजवायच्या स्थितीत कडेचे ठिपके वरच्या कडेला हवेत. सॅडलचं पातळ तारेकडचं टोक नटच्या जास्त जवळ हवं. बुजवलेलं पट्ट्याचं भोक, पिकगार्डचा फिकट ठसा, ब्रिजवर वेगळ्या रंगाची पट्टी दिसली तर समजून घ्या. इलेक्ट्रिक असेल तर आवाजाचं बटण सावकाश फिरवा. कारखान्यानं उजव्या गिटारचा ए टेपरचा पॉट (बटणाखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग; टेपर म्हणजे तो कसा बदलतो ते) नुसता उलटा जोडला असेल तर बराच वेळ आवाज कमीच होत नाही आणि शेवटी एकदम पडतो. तिथं सी टेपरचा पॉट लागतो. बदलणं सोपं आहे, किंमत ठरवताना तेवढं धरा.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तर लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवते. दमट हवेत वरची फळी फुगते, तारा उंचावतात. भिंतीवर टांगलेला संग्रह पावसाळ्यात केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक टाका.

‘तारा वेगळ्या लागतात’ हे मात्र सपशेल खोटं. संच तोच, कॅपो (सूर चढवायला मानेवर लावायचा चिमटा) तोच, पिक (तारा छेडायची चकती) तेच. दुकानदार तारा बसवून देणार असेल तर तो सवयीनं उजव्या क्रमानं लावणार नाही ना, एवढं उभं राहून बघा.