‘स्लॉटर ऑफ द सोल’ची तीस वर्षं, गॉथेनबर्गहून

स्वीडिश बँडचा गायक टोमास लिंडबर्ग 16 सप्टेंबर 2025 ला गेला. दोनच महिन्यांनी, 14 नोव्हेंबरला, त्याच्या ‘अ‍ॅट द गेट्स’ या बँडच्या ‘स्लॉटर ऑफ द सोल’ या अल्बमला तीस वर्षं झाली. मुंबई-पुण्याकडे मेटल ऐकणाऱ्यांत या अल्बमवरून एक जुना वाद आहे. एका बाजूचं म्हणणं, मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे डेथ मेटलच्या कर्कश वाजवण्यात सुरावट मिसळणारी शैली, सोपं आणि विकाऊ झालं ते इथपासून. दुसरी बाजू म्हणते, अल्बम थोर आहेच, पण असलं काही आपल्याकडे व्हायचं नाही, ते त्या लोकांच्या रक्तातच असतं. हा अल्बम ज्या शहरात घडला त्या स्वीडनमधल्या गॉथेनबर्गमध्ये राहून मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, आणि दुसरं तर नुकसान करणारं वाटतं.

आधी सोपेपणाचं बघू. बँडचा 1992 चा पहिला अल्बम गुंतागुंतीचा होता. त्यावर गिटारवादक आल्फ स्वेनसनची छाप होती, मधे व्हायोलिन होतं, आणि एकेका गाण्यात इतके रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, की कुठला परत आला तेही चटकन कळू नये. स्वेनसन 1993 मध्ये बाहेर पडला. अँडर्स आणि योनास या जुळ्या ब्यॉर्लर भावांनी पुढे गाणी कापत कापत आणली. 1995 च्या या अल्बमवर उरल्या 11 रचना, एकूण जेमतेम 34 मिनिटं, त्यातल्या दोन नुसत्या वाद्यांच्या. याला सोपं म्हणणाऱ्यानं मोजक्या रिफांवर तीन मिनिटांचं गाणं उभं करून बघावं. रिफ वीस असतात तेव्हा त्यातले दोन-चार कच्चे खपून जातात. चारच असतील तर एकही कच्चा चालत नाही.

आता सुरावट. या शैलीचा पाया म्हणजे नॅचरल मायनर, आपल्या भाषेत आसावरी थाट: ग, ध, नि कोमल. एक गिटार मूळ सुरावट वाजवते आणि दुसरी त्याच थाटातला तिसरा सूर धरते. सा वाजला की वर कोमल ग, रे वाजला की म. घरी गिटार घेऊन बसलेले बरेच जण इथेच फसतात. हे अंतर सगळीकडे सारखं नसतं. सा, रे, म आणि प यांच्यावर ते तीन अर्धस्वरांचं आहे, तर कोमल ग, कोमल ध आणि कोमल नि यांच्यावर चारांचं. पेडलवर, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामधे जोडायच्या पायाखालच्या खोक्यावर, कायमचं ‘तीन अर्धस्वर वर’ लावून ठेवलं, तर कोमल ग वर तीव्र म येतो, कोमल ध वर शुद्ध नि आणि कोमल नि वर कोमल रे. तिन्ही सूर थाटाबाहेरचे. मग ‘आमचं त्यांच्यासारखं का लागत नाही’ म्हणून अ‍ॅम्प बदलला जातो, बिचाऱ्या अ‍ॅम्पचा काही दोष नसताना. लहानपणी पेटीवर सरगम घोटलेल्या माणसाला ही चूक कानानं पकडायला पाच मिनिटंही लागू नयेत.

अल्बम फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉमच्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये रेकॉर्ड झाला. गिटार बी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा पाच अर्धस्वर खाली. साध्या 0.010 ते 0.046 इंचांच्या तारा इतक्या उतरवल्या की लोंबतात, आणि जोरात छेडल्या की सूर क्षणभर चढतो. 0.012 किंवा 0.013 पासून सुरू होणारा आणि सर्वांत जाड तार 0.060 च्या आसपास असलेला संच घ्यावा. मग नटच्या, म्हणजे गिटारच्या डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा रुंद करून इंटोनेशन, म्हणजे दांडीवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, नव्यानं जुळवावं. बॉस कंपनीच्या एचएम-2 या आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलची कथाही अशीच. स्टॉकहोमच्या बँडांनी त्याची चारही बटणं शेवटापर्यंत फिरवून करवतीसारखा आवाज काढला, आणि तोच प्रकार आपल्याकडेही उचलला जातो. पण त्या पेडलचं ‘हाय’चं बटण मुळात एक हजार हर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा उचलतं. त्यावर अ‍ॅम्पचा गेनही, म्हणजे खरखर वाढवणारी पातळीही, चढवला, की मिनिटाला 200 ठोक्यांच्या लयीतले, सेकंदाला तेराहून जास्त आघात एकमेकांत कालवले जातात. गेन निम्म्यावर आणा, बास थोडा काढा. प्रत्येक आघात सुटा ऐकू येईल आणि त्याबरोबर वाजवण्यातल्या चुकाही. या अल्बमवर तोच पेडल आहे, पण आवाज घट्ट आवळलेला आहे.

पुढचं स्वागत मात्र विचित्र झालं. 1996 मध्ये बँड फुटला, आणि अल्बमची खरी कीर्ती पसरली ती त्यानंतर. अमेरिकेत ‘द ब्लॅक डालिया मर्डर’पासून ‘किलस्विच एंगेज’पर्यंत कितीतरी बँडांनी इथले धडे गिरवले, आणि दहा वर्षांत तेच रिफ ऐकून लोक कंटाळले. तो कंटाळा मूळ अल्बमच्या माथी मारला जातो. कुमार गंधर्वांची नक्कल करणारे पुष्कळ झाले, म्हणून कुमारांना कोणी बोल लावत नाही. इथेही तोच न्याय लावायला हवा.

राहिला रक्ताचा मुद्दा. स्वीडनमध्ये गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत, आणि तिथे मुलांना अगदी थोड्या फीत वाद्य शिकता येतं. त्यापुढे ‘स्टूडिएफर्बुंड’ नावाच्या प्रौढशिक्षण संस्था आहेत. किमान तीन जणांचा गट अभ्यासमंडळ म्हणून नोंदवायचा, हजेरी लिहायची, 45 मिनिटांचा एक तास मोजायचा. त्या बदल्यात तालमीला खोली मिळते. बँडही यात बसतो. खोटी हजेरी लावून अनुदान लाटल्याची प्रकरणंही झाली, आणि 2024 पासून सरकारनं या संस्थांच्या पैशाला मोठी कात्री लावली आहे. मला ही कात्री दुखते, कारण या देशात बँड कशावर उभे राहतात ते डोळ्यांसमोर आहे. रक्ताचा यात काही संबंध नाही. पाच जणांना वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, शेजाऱ्यांशी भांडण न होता एकत्र वाजवता येतं, त्यातून त्या 34 मिनिटांची घट्ट वीण येते.

आपल्याकडे ‘श्रोतेच नाहीत’ यावर तासन् तास बोललं जातं, पण खोलीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तासावर भाड्यानं घेतलेल्या जागेत पहिली वीस मिनिटं ड्रम लावण्यात जातात. त्यापेक्षा चार बँडांनी मिळून एक तळघर घ्यावं, एकच ड्रमसेट कायमचा मांडून ठेवावा आणि आठवड्याच्या संध्याकाळी वाटून घ्याव्यात. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात पैसे घालवू नयेत. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, शेजारी जाणारा आवाज थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं: जिप्सम बोर्डाचे दोन थर, ते आणि मूळ भिंत यांच्यामधल्या पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), दाराच्या चारही कडांना रबरी पट्टी. बास ड्रमचा दणका जमिनीतून जातो, म्हणून ड्रमसेट जाड रबरावर टेकवलेल्या प्लायच्या चौथऱ्यावर ठेवायचा, आणि तो चौथरा कुठल्याही भिंतीला टेकू द्यायचा नाही.