कॅम्पिंग रिसॉर्ट आणि साधे कॅम्पग्राउंड: जागा कोणासाठी आखली आहे?

मे महिन्याच्या शेवटी येणारी मेमोरियल डेची सुट्टी जवळ येऊ लागली की अमेरिकेतील आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅम्पिंगचे बेत सुरू होतात, आणि कॅम्पिंग रिसॉर्ट व साधे कॅम्पग्राउंड म्हणजे एकाच गोष्टीचे महाग आणि स्वस्त प्रकार, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. मला हे मुळीच पटत नाही. तंबू, शेकोटी आणि झाडे दोन्हीकडे असली, तरी रिसॉर्टची आखणी येणाऱ्या पाहुण्याची सोय डोळ्यांपुढे ठेवून होते, तर सरकारी कॅम्पग्राउंडची आखणी मुळात झाडे जगावीत म्हणून झालेली आहे.

१९२० च्या दशकात सामान्य लोकांच्या हाती मोटारी आल्या आणि माणसे वाटेल तिथे, अगदी झाडांच्या बुंध्याशी गाडी लावून मुक्काम ठोकू लागली. कॅलिफोर्नियातील रेडवुडच्या जंगलांवर या वर्दळीचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास एमिलियो माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी केला. चाकांनी आणि पावलांनी माती दबत जाते, घट्ट होते आणि मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय अतिशय साधा होता: एकेरी वाहतुकीचा वळणदार रस्ता, त्याला फुटणारे छोटे फाटे, प्रत्येक फाट्यावर एका कुटुंबाची गाडी, ती पुढे जाऊ नये म्हणून कडेला मोठे दगड किंवा ओंडके, आणि जागचे न हलणारे टेबल व चूल. टेबल हलवता येत नाही, म्हणून माणसांचा वावरही तेवढ्याच तुकड्यात राहतो आणि बाकीची जमीन मोकळा श्वास घेते. पुढे मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या सरकारी योजनेतील तरुणांनी देशभर कॅम्पग्राउंड बांधली, तेव्हा हाच आराखडा सर्वत्र पोहोचला. नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये टेबल आपल्याला हवे तिथे सरकवता येत नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

रिसॉर्टची परंपरा वेगळ्या वाटेने आली. १९६२ मध्ये सिअॅटलच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघालेल्या प्रवाशांना रात्री टेकायला जागा हवी होती, आणि त्यासाठी मोंटाना राज्यातील बिलिंग्जमध्ये, यलोस्टोन नदीच्या काठी, पहिले केओए (कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका या खासगी साखळीचे कॅम्पग्राउंड) सुरू झाले. १९६९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जेलीस्टोन पार्क आले आणि कार्टूनमधल्या अस्वलाच्या नावावर मुलांसाठी खेळ, कार्यक्रम आणि करमणूक हेच मुख्य आकर्षण झाले. आज अशा ठिकाणी पोहण्याचा तलाव, गरम पाण्याची न्हाणीघरे, वातानुकूलित केबिन, दुकान, वायफाय आणि आरव्हीसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीसाठी, वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी मिळते. प्रवासात थकलेल्या माणसाला ही सोय हवीच असते आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये मात्र यातले जवळजवळ काहीच नाही. विजेची जोडणी नाही, अंघोळीची सोय कॅम्पग्राउंडच्या बाहेर आहे, एका साइटवर, म्हणजे मुक्कामासाठी आखून दिलेल्या एका जागेवर, जास्तीत जास्त सहा माणसे राहू शकतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते. आपल्या घरातल्या माणसांना सर्वांत नवी वाटणारी वस्तू म्हणजे प्रत्येक साइटवरची लोखंडी पेटी. अस्वलाला वास येईल असे सर्व काही तिच्यात ठेवायचे असते, आणि त्यात केवळ जेवण येत नाही. मसाल्याचा डबा, हिंगाची डबी, खोबरेल तेलाची बाटली, टूथपेस्ट, साबण, चिवड्याची अर्धी संपलेली पिशवी, हे सगळे वापरून झाले की लगेच आत ठेवून पेटीची कडी लावायची. मुलांना एकदा कारण सांगितले की ती मोठ्यांवरही लक्ष ठेवतात. हे जंगल अस्वलाचे आहे आणि आपण येथे दोन रात्रींपुरते आलो आहोत, हे त्यांना त्या कडीमुळे जितके कळते तितके कोणत्याही व्याख्यानाने कळणार नाही. माझा सगळा आग्रह आहे तो यासाठी.

भारतातून आई-वडील आलेले असतील, कोणाचे गुडघे दुखत असतील, रात्री दोनदा उठावे लागत असेल, तर रिसॉर्टमधली न्हाणीघर असलेली केबिन घ्यावी आणि त्याबद्दल कोणी कमीपणा मानू नये. पंधरा-वीस कुटुंबांची सहल असेल, गाणी म्हणायची असतील, एकत्र स्वयंपाक करायचा असेल, तरीही रिसॉर्टच योग्य, कारण सहा माणसांच्या साइटवर तो गोतावळा मावत नाही आणि शेजारच्या तंबूतल्या माणसाची झोप मोडण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मंडळांच्या सहली वर्षानुवर्षे केवळ रिसॉर्टमध्येच होत असतील, तर येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना दिव्यांशिवायची रात्र कधी भेटणार, ही चिंता मला खरोखर वाटते. दोन-तीन कुटुंबांनी शेजारशेजारच्या साइट घेतल्या तरी सोबत उत्तम होते.

आरक्षणाची तयारी मात्र लवकर करावी लागते. लोकप्रिय नॅशनल पार्कमधल्या जागा पाच-सहा महिने आधी खुल्या होतात आणि पाहता पाहता संपतात. ते जमले नाही, तर नॅशनल फॉरेस्टमधली, म्हणजे सरकारी वनांतली, छोटी कॅम्पग्राउंड पाहावीत. तेथे अनेक ठिकाणी आरक्षण नसतेच: मोकळी साइट निवडायची, पाकिटात रोख पैसे घालून ते प्रवेशापाशी रोवलेल्या लोखंडी नळकांड्यात टाकायचे आणि पाकिटाची फाडलेली चिठ्ठी साइटच्या खांबाला अडकवायची. सरपण मात्र घरून नेऊ नये. ॲश वृक्षांचा नाश करणारा, २००२ मध्ये मिशिगनमध्ये प्रथम सापडलेला भुंगा अशाच लाकडांतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोहोचला आहे, त्यामुळे लाकूड जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यावे.