घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

झोपेत श्वास अडकण्यावर उपचार केले तर म्हातारपणातला अशक्तपणा कमी होऊ शकतो, असं एका लेखात वाचलं, अन् तेच आम्ही घरात पाहतोय. वडील 74 वर्षांचे, परभणीजवळच्या खेड्यात. घोरणं ओसरीपर्यंत ऐकू यायचं अन् आम्ही म्हणायचो, दादा कसे गाढ झोपलेत! दिवसा मात्र पारावर बसल्या बसल्या पेंगायचे, उठताना हात द्यावा लागायचा. तपासणीत निघालं, तासाला 30 पेक्षा जास्त वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो, तोही दर वेळी किमान 10 सेकंद. सीपॅप लावलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन. पहिला महिना मास्क काढून फेकायचे. आता शेतापर्यंत चालत जातात. सगळं श्रेय मशीनचं नाही, फिजिओथेरपीवाल्याने खुर्चीवरून उठबसही करून घेतली. पण रात्री लाईट गेली की मशीन बंद! इन्व्हर्टरचा खर्च कुणीच सांगत नाही.