समुद्र आपोआप सावरतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, खरंच आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ज्या उल्केने डायनासोर संपले तिच्या खड्ड्यातसुद्धा काही वर्षांत जीव परत आले, समुद्र आपोआप सावरतो, मग ठाण्याच्या खाडीच्या चिखलातल्या किड्यांसाठी मी एवढा जीव का टाकतोय.

खड्ड्याचं बरोबरच आहे. मेक्सिकोत चिक्शुलूबला 2016 मध्ये ड्रिलिंग झालं, त्यात धडकेनंतर थोड्याच वर्षांत सूक्ष्मजीव आणि बिळं करणारे प्राणी आल्याच्या खुणा सापडल्या. पण तिथे मार एकदाच बसला. मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ते पर्मियन नावाच्या भूशास्त्रीय काळाच्या शेवटी झालेल्या महासंहाराबद्दल, म्हणजे समुद्रातले बहुतेक जीव संपले त्या 25.2 कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल, तेव्हा सायबेरियात लाव्हा लाखो वर्षं येत राहिला, समुद्र तापला, पाण्यातला ऑक्सिजन घटला आणि हे पुन्हापुन्हा होत गेलं. संहारानंतर माकुळाच्या कुळातले शंखवाले अमोनॉइड भराभर वाढले आणि 30 लाख वर्षं व्हायच्या आत परत बहुतेक संपले!

समुद्राच्या तळाची तर गोष्टच वेगळी. त्या काळातल्या खडकांत कित्येक ठिकाणी गाळाचे कागदासारखे पातळ थर जसेच्या तसे आहेत, कारण ते ढवळायला खाली फारसं कोणी उरलंच नव्हतं, आणि हे ढवळणारे असले तरच ऑक्सिजन चिखलात खोलवर उतरतो, गाळात अडकलेलं पोषण पाण्यात परत येतं, त्यावर शेवाळ आणि मग बाकी सगळे. ठिकठिकाणी क्लारायासारखे तेच ते पातळ कवचाचे शिंपले. प्रवाळ 50 लाख वर्षांहून जास्त काळ खडकांत सापडतच नाहीत आणि नंतर आले ते वेगळ्याच कुळातले. ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातले खंडाखंडांच्या कवचाचे जुने प्राणी, तर आलेच नाहीत. याला मी सावरणं कसं म्हणू?

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र द्यायलाच हवा. चीनमध्ये गुईयांगजवळ त्या संहारानंतर जेमतेम 10 लाख वर्षांचे जीवाश्म मिळालेत, मासे, शेवंडासारखे प्राणी, बरंच काही, म्हणजे सगळीकडे सारखा उशीर झाला नाही, जिथे परिस्थिती बरी होती तिथे लवकर जमलं.

खाडीत तसा महासंहार चाललाय असं मी म्हणत नाहीये. पण चिखल ढवळण्याचं काम इथेही तेच किडे, खेकडे करतात, आणि ऐरोलीला ओहोटीला दिसणारे निवटे नि फ्लेमिंगो त्याच चिखलावर जगतात. 10 लाख वर्षं थांबायला आपल्या कोळीवाड्यांकडे वेळ नाही हो, म्हणून त्या किड्यांबद्दल पुढची पोस्टही लिहिणार आहे, तीही वाचा आणि पटलं नाही तर असंच सविस्तर लिहा.