उन्हाळी सुट्टीत मुलांना व्हीआरला नेताय? ती हलणारी खुर्ची आधी टाळा

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच मुलांना घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न सध्या घरोघरी आहे. मॉलमधला व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर पडदा असलेलं हेडसेट लावून आभासी जगात शिरायचं) गेमझोन हा त्यावर चांगला पर्याय आहे असं माझं ठाम मत आहे. एसी असतो, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना काही ना काही करता येतं आणि दोन तासांत घरी परत येता येतं. तरीही एकदा जाऊन आलेली बरीच कुटुंबं पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिलाच अनुभव म्हणून त्यांनी रोलर कोस्टरची हलणारी खुर्ची घेतलेली असते. दोन मिनिटांत गरगरतं, मळमळतं आणि 'हे व्हीआर आपल्याला सोसत नाही' असा शिक्का कायमचा बसतो. सोसत नाही ती खुर्ची.

घाटात बसमध्ये पुस्तक उघडलं की गाडी लागते. शरीराला वळणं कळत असतात, पण डोळ्यांसमोरचं पान जागचं हलत नाही. व्हीआरमध्ये याच्या उलट घडतं. डोळे सांगतात की आपण दरीत कोसळतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बसल्या जागी आहोत. खुर्ची हलल्यामुळे हा फरक भरून निघेल असं वाटतं, पण ती जेमतेम थोडी कलते आणि समोर मात्र पाताळात बुडी मारलेली दिसते. त्यात चित्राचा आणि खुर्चीचा मेळ जरासा चुकला की त्रास दुप्पट. बाहेर '९डी' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तो आकडा वारा, पाण्याचे तुषार, पायाला होणारा स्पर्श असलं सगळं धरून लावलेला असतो. चित्र किती चांगलं आहे, हे त्यावरून कळत नाही.

काउंटरवर पैसे देण्याआधी ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: 'हेडसेट लावून मी पुढे वाकलो, तर समोरची वस्तू जवळ येते का?' येत असेल तर ते हेडसेट तुमचं डोकं कुठे सरकतंय तेही मोजतं. येत नसेल तर ते फक्त मान कुठे वळली एवढंच ओळखतं. बहुतेक खुर्च्यांवर आधीच चित्रित केलेला ३६० अंशांचा व्हिडिओ चालतो. त्यात तुम्ही पुढे झुकलात की अख्खं जग तुमच्याबरोबर पुढे सरकतं, आणि मळमळ वाढवायला तेवढं पुरतं.

मग घ्यायचं काय? पहिल्यांदा जाणाऱ्याने उभं राहून, आपल्याच हातांनी काहीतरी करायचं असेल असा खेळ मागावा. तालावर येणारे ठोकळे कापायचे, धनुष्यबाण चालवायचा, हवेत रंगवायचं, असं काहीही. यात आजूबाजूचं जग स्थिर असतं, तुम्ही जेवढे हलता तेवढंच चित्र हलतं आणि डोळे-कान यांचं भांडण होत नाही. मोठ्या हॉलमध्ये चार-सहा जणांनी हेडसेट लावून खरोखर चालत फिरायचं, अशी सोयही काही शहरांत आहे. ती महाग असते, पण कुटुंबासाठी मला तीच सर्वांत चांगली वाटते. खरं पाऊल आणि खेळातलं पाऊल एकच असल्यामुळे त्रास कमी होतो, आणि एकमेकांना हाका मारत एकत्र खेळता येतं. एक जण खुर्चीत आणि बाकीचे मोबाइलवर, असं होत नाही. जॉयस्टिक ढकलून पुढे जायचे खेळ, गाड्यांच्या शर्यती आणि विमानं पहिल्या दिवशी नकोतच.

हेडसेट नीट न लावल्यामुळे जेवढे अनुभव वाया जातात तेवढे दुसऱ्या कशाने जात नसतील. साधारण अर्ध्या किलोचं ते वजन गालांवर लटकता कामा नये. मागचा पट्टा डोक्याच्या मागे जो उंचवटा असतो त्याच्या खाली बसवा, वरचा पट्टा आवळून पुढचं वजन उचलून घ्या, आणि मग बाजूचे पट्टे फक्त हलणार नाही इतकेच कसा. त्यानंतर समोर एखादं बारीक अक्षर शोधा आणि हेडसेट किंचित वर-खाली सरकवत राहा. एका जागी अक्षर एकदम स्वच्छ होतं. तिथेच थांबा. ऑपरेटर घाईत असतो, तो हे करून देत नाही. तुम्ही मागून घ्या. आंबाडा असेल तर पट्टा बसत नाही, मानेजवळ खाली बांधलेली वेणी बरी. मोठे डूल काढून ठेवा, ओढणी-पदर खोचून घ्या, हातात धरायच्या कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवा.

हेडसेटच्या दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांशी जुळतंय का तेही बघायला हवं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटवर ५८, ६३ आणि ६८ अशा तीन खाचा आहेत, तर क्वेस्ट ३ ला फिरवायची चकती आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाचं अंतर पुष्कळदा ५५ च्या आसपास असतं, म्हणजे सर्वांत लहान खाचेलाही ते पुरतं बसत नाही. मूल धूसर दिसतंय म्हणून तक्रार करत नाही, खेळायच्या नादात तसंच ताणून बघत राहतं. त्यामुळे त्याला अक्षर वाचून दाखवायला सांगा.

चष्म्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. पडदा डोळ्याला चिकटलेला, मग लांबचं न दिसणाऱ्याला चष्मा कशाला, असं लोकांना वाटतं. पण भिंगांमुळे डोळ्याला ते चित्र साधारण सव्वा ते दोन मीटरवर असल्यासारखं धरावं लागतं. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा. आजोबांचा फक्त वाचायचा चष्मा असेल तर बहुधा तो लागणार नाही. चष्मा लावून घालताना आधी पुढचा भाग चेहऱ्यावर आणा आणि मग पट्टा मागे ओढा, आणि चष्म्याची काच भिंगाला घासत नाही ना ते पाहा. काही हेडसेटना त्यासाठी जास्तीची चौकट असते, ती मागा.

वयाची मर्यादा कंपन्यांनीच सांगितलेली आहे आणि गेमझोनवाले ती सर्रास धाब्यावर बसवतात. मेटाने २०२३ मध्ये किमान वय १३ वरून १० वर आणलं, तेही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह. सोनीचं प्लेस्टेशन व्हीआर२ हे हेडसेट बारा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. पाच-सहा वर्षांच्या पोराला 'एकदाच बघू दे' म्हणून खुर्चीत बसवू नका. धाकट्याला मोठा पडदाच हवा असेल तर मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण आहे. डोक्यावर काही न लावता अख्खं आकाश घुमटावर दिसतं. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हेडसेट टाळावं. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, कारण हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असू शकतात. मानेचा स्पॉन्डिलायटिस असेल तर पाच मिनिटांवर जाऊ नका.

वेळ पहिल्यांदा दहा मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. अगदी उपाशी पोटी नको आणि मिसळ चापूनही नको. कपाळावर थंड घाम, तोंडात सुटलेलं पाणी, सारख्या जांभया ही मळमळीआधीची लक्षणं आहेत. ती दिसताच हेडसेट काढा, लांब कुठेतरी नजर ठेवा, वाऱ्याला बसा. 'जरा वेळाने सवय होईल' म्हणून रेटून नेलं की त्रास संध्याकाळपर्यंत टिकतो. ज्याला घरी गाडी चालवायची आहे त्याने शेवटचा नंबर घेऊ नये.

जाताना शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी दुकान उघडताच गेलात तर बॅटऱ्या भरलेल्या असतात, हेडसेटचा चेहऱ्याला टेकणारा फोम कोरडा असतो आणि ऑपरेटरला तुमच्याकडे बघायला वेळ असतो. रविवारी संध्याकाळी तोच फोम दिवसभरात कितीतरी चेहऱ्यांच्या घामाने भिजलेला असतो. पुसता येणारं सिलिकॉनचं किंवा रेक्झिनसारखं कव्हर असलेलं हेडसेट मागा, नाहीतर डोळ्यांभोवती लावायचे कागदी मास्क. डोळे आलेले असतील तर तिकीट वाया गेलं तरी चालेल, जाऊ नका.

आणि आत शिरताच बाहेर पडायचे दोन रस्ते नजरेखालून घाला. २५ मे २०२४ रोजी, ऐन सुट्टीत, राजकोटच्या गेमझोनला आग लागली आणि पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. व्हीआरमध्ये तर डोळे आणि कान दोन्ही झाकलेले असतात. कुटुंबातल्या एका मोठ्या माणसाने कायम हेडसेटशिवाय बाहेर उभं राहायला हवं. एकच दार असलेला, पोटमाळ्यावर चढवलेला गेमझोन दिसला तर सरळ मागे फिरा.

काही जण हेडसेट भाड्याने आणून घरीच हा बेत करतात. माझी त्याला काहीच हरकत नाही, उलट आजीला स्वतःच्या दिवाणखान्यात जास्त मोकळं वाटतं. त्यासाठी किमान दोन बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. टीपॉय हलवा आणि छताचा पंखा बंद करा, कारण उंच माणसाने हात वर केला की कंट्रोलर थेट पात्यात जातो. वारा हवा असेल तर कोपऱ्यातून टेबल फॅन लावा. जागेच्या मधोमध एक छोटी सतरंजी अंथरा आणि अनवाणी खेळा. पायाखाली फरशी लागली की डोळे झाकलेले असतानाही कळतं की आपण मधून सरकलो. चित्र टीव्हीवर दाखवायची सोय बहुतेक हेडसेटमध्ये असते, फक्त दोन्ही एकाच वायफायवर हवेत. खोलीत ट्यूबलाइटचा उजेड असू द्या आणि मोठा आरसा चादरीने झाका, नाहीतर हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात. बॅटरी दोन-सव्वादोन तास चालते, म्हणजे पाच जणांना पुरते.

गूगलचं स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यावर उभं राहून चहूकडे पाहिल्यासारखे फोटो) दाखवणारं ॲप असेल तर आजीला आधी तिच्या माहेरच्या गावात उभं करा. भारतात २०२२ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. तिला बसवून, हळूहळू मान वळवायला सांगून दाखवा. तो फोटो आहे, त्यामुळे पुढे वाकून काही जवळ येणार नाही, पण चित्र स्थिर असल्याने त्रासही होत नाही.

खेळून झाल्यावर हेडसेट खिडकीत, गच्चीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. भिंगं उन्हाकडे असतील तर त्यांतून किरण एकवटतात आणि आतला पडदा काही सेकंदांत जळतो. तो डाग कायमचा, दुरुस्ती नाही, आणि भाड्याचं असेल तर अनामत गेली. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. सॅनिटायझर लावलात तर त्यांवरचा थर निघतो.