ठाणे जिल्हा वाढला, पण नेमका कुठे?

काल डोंबिवलीच्या फडके रोडवर वाद पेटला तो मंग्याच्या फ्लॅटवरून. बदलापूरला बुक केलाय. म्हणाला, "बघा, अजून दहा वर्षांत अख्खा ठाणे जिल्हा शहर होणार."

मास्तरांकडे आकडे तयारच. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्यात 81 लाख माणसं होती, 2011 ला 1 कोटी 10 लाख. तेव्हा देशात सगळ्यात जास्त वस्तीचा जिल्हा! त्याच काळात मुंबई शहर जिल्हा 33 लाखांवरून 31 लाखांच्या आत आला. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विकल्या गेल्या आणि माणूस लोकलच्या रुळांच्या कडेने पुढे सरकत गेला. 2014 ला पालघर वेगळा झाला, तरी 2011 च्याच आकड्यांनी इकडे 80 लाख उरतात. शिवाय सहा महापालिका.

"अख्खा जिल्हा?" सच्या उसळला. तो शहापूरचा. "शहापूर आणि मुरबाड मिळून निम्म्याहून जास्त जमीन. माणसं मात्र पाचेक लाख. वाढ झाली ती रुळांच्या नि खाडीच्या काठाने."

"मग तिकडे सरका की," मंग्या म्हणाला. "जागा मोकळी आहे, समृद्धी महामार्गही झालाय."

"मोकळी? तानसाचं जंगल आहे, माहुलीचा डोंगर आहे, धरणं आहेत. मुंबई 1892 पासून तानसाचं पाणी पितेय. आज सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. आणि मे महिन्यात कसाऱ्याकडच्या पाड्यांवर टँकर येतो!"

"त्यात माझा काय गुन्हा? दादरला मला मोरीसुद्धा परवडत नाही."

मंग्याचं खोटं नाही. घर हवंच. पण मी सच्याच्या बाजूने बोललो आणि आजही तेच म्हणेन. टॉवरला परवानगी देताना पाणी कुठून येणार हे विचारतात, ते कुणाच्या अंगणातून येणार हे कुणी विचारत नाही. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाडकडची गावं उठली. दुसरीकडे उल्हासच्या पूरपट्ट्यात भराव पडतोच आहे. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, ती याच नदीच्या पुरात. मंग्याला म्हटलं, तुझी बिल्डिंग नदीपासून किती लांब आहे ते आधी बघ.

मास्तर मात्र अडून बसले. "गावांना पाणी नाही याला नुसती मुंबई जबाबदार नाही. पाडे डोंगरावर, धरण खाली. काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात. पंपाने वर चढवायचं तर विजेचं बिल कोण भरणार? म्हणून तर इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखली."

"बिल मुंबईने भरावं," सच्या म्हणाला. "पाणी तीच नेते ना?"

"आणि ठाणे, कल्याण?"

"त्यांनीही."

यावर मंग्या म्हणाला, "म्हणजे शेवटी माझाच मेंटेनन्स वाढणार," आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.