डेटा येत नाही? म्हणे मेन थ्रेडला झोपवा!

"कॉलबॅकच्या नादी लागू नका, हे चार उपाय करा" असा एक मेसेज अँड्रॉइड ॲप बनवायला शिकणाऱ्यांमध्ये सध्या फिरतोय. (कॉलबॅक म्हणजे "उत्तर आलं की हे चालव" म्हणून आधीच देऊन ठेवलेला कोड.) मी वाचून सोडून दिला होता. पण भाचीने त्यातला पहिला उपाय प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा उतरवला आणि वर मलाच विचारते, "मामा, तीनचे चार सेकंद केले तरी यादी रिकामीच का?" आता मात्र लिहायलाच हवं.

उपाय पहिला: फायरस्टोअरकडे (गूगलचा ऑनलाइन डेटाबेस) डेटा मागा, पुढच्या ओळीत थ्रेड.स्लीप(३०००), म्हणजे तीन सेकंदांची झोप, टाका आणि मग यादी रिटर्न करा. तोवर डेटा आलेला असतो.

फोनपर्यंत आलेला असेल हो, तुमच्या यादीत नाही. बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन मेन थ्रेडवर असतं, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या, एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेत. विनंती बॅकग्राउंडला जाते, उत्तर पटकन परतही येतं. पण सक्सेस लिसनरमधला, म्हणजे आपल्या कॉलबॅकमधला, कोड चालवायचा कुणी? फायरस्टोअर ज्यातून उत्तर देतं त्या गूगलच्या टास्क एपीआयच्या अधिकृत पानावर स्वच्छ लिहिलंय: वेगळा एक्झिक्युटर (कोड कुठल्या थ्रेडवर चालवायचा ते ठरवणारा) दिला नाही, तर लिसनर मेन थ्रेडवर चालतो. आणि त्यालाच तर आपण झोपवलाय! दारात आपणच आडवं पडायचं आणि पाहुणे आत का येत नाहीत म्हणून ओरडायचं, त्यातली गत. झोप संपते, पुढची ओळ रिकामी यादी रिटर्न करते, फंक्शन संपतं आणि त्यानंतर कुठे रांगेत ताटकळलेल्या कॉलबॅकचा नंबर लागतो. लॉगकॅटमध्ये (ॲपच्या नोंदी दाखवणारी खिडकी) हे धडधडीत दिसतं: आधी "रिटर्न, आकार ०", मग "सक्सेस, आकार १२". तीन सेकंद द्या नाहीतर तीस, हा क्रम बदलायचा नाही. उलट मधेच कुणी स्क्रीनला हात लावला आणि ५ सेकंदांत दाद मिळाली नाही, की ॲप प्रतिसाद देत नसल्याची पाटी अँड्रॉइड समोर आणतं.

"स्लीप नको असेल तर फ्लॅग ट्रू होईपर्यंत व्हाइल लूप फिरवा" ही पुरवणी तर कहर आहे. फ्लॅग म्हणजे डेटा आला की नाही याची खूण. फ्लॅग ट्रू करणारी ओळ त्याच कॉलबॅकमध्ये आहे. लूप थांबल्याशिवाय ती चालणार नाही, ती चालल्याशिवाय लूप थांबणार नाही.

"आमच्याकडे तर चालतं" म्हणणारे अगदीच खोटं बोलत नाहीत, एवढं कबूल करतो. ओकेएचटीटीपी या नेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीचा कॉलबॅक बॅकग्राउंड थ्रेडवर येतो, त्यामुळे तिथे झोप संपेपर्यंत यादी भरलेली असू शकते. नेट मंदावलं की तोही जुगार फसतो, आणि स्क्रीन गोठते ती गोठतेच.

खरं तर यादी रिटर्न करायचीच नसते. फंक्शनला एक लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) द्या, सक्सेसमध्ये यादी हातात आली की तो बोलवा, स्क्रीनवर यादी दाखवणारा ॲडाप्टर त्यातच भरा. दोन-चार ओळींचं काम.

उपाय दुसरा: मेन थ्रेडवर नेटवर्कचं एक्सेप्शन (ॲप पाडणारी त्रुटी) आलं तर स्ट्रिक्टमोडमध्ये (असल्या चुका पकडणारी सोय) परमिटऑल, म्हणजे सगळ्याला परवानगी, लावा. हे एक्सेप्शन २०११ साली अँड्रॉइड ३.० पासून मुद्दाम आणलं, ते अशाच कोडला आळा घालायला. परमिटऑलने फक्त ओरडा बंद होतो, स्क्रीन अडकायची ती अडकतेच.

तिसरा: कोरूटीन (कोटलिन भाषेत थांबून पुढे चालू होणारा कोड) आल्या, कॉलबॅक इतिहासजमा झाले. एकात एक पाच कॉलबॅक घातलेला कोड वाचणं अवघड जातं, हे मान्य, आणि तिथे कोरूटीन वापराव्यातच. पण कोटलिनचा कंपायलर प्रत्येक सस्पेंड (मध्येच थांबू शकणाऱ्या) फंक्शनला गुपचूप एक कंटिन्युएशन पॅरामीटर जोडतो. काम झालं की त्याचं रिझ्यूमविथ बोलावलं जातं. म्हणजे कॉलबॅकच की! ब्लूटूथसारखे एपीआय तर आजही उघडउघड कॉलबॅकच देतात.

चौथा: फेल्युअर (विनंती फसल्यावर चालणारा कॉलबॅक) लिहू नका, उगाच कोड वाढतो. मग विनंती फसली की लोडिंगचं चक्र फिरतंच राहतं, कारण ते थांबवणारी ओळ फक्त सक्सेसमध्ये असते. आणि रेट्रोफिट (सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी) वापरत असाल तर नुसतं ऑनफेल्युअर लिहूनही भागत नाही. ४०४ (सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरची चूक) ही उत्तरं ऑनरिस्पॉन्समध्येच येतात. तिथे इझसक्सेसफुल तपासलं नाही, तर बॉडी नल (रिकामी) मिळते आणि ती तशीच वापरली की ॲप तिथेच कोसळतं.